पडद्यावरील स्त्री आणि मोजणीची वही

सायंकाळची जपमाळ आणि सायंकाळची मालिका यांच्या वेळा जुळविणे हे आज आपल्या बहुतेक ख्रिस्ती घरांतील गृहिणींचे एक अंगवळणी पडलेले कौशल्य आहे. घरभेटीस निघताना आम्हीदेखील घड्याळाकडे पाहूनच पाऊल उचलतो. धर्मगुरू दारात आले म्हणून दूरदर्शन संचाचा आवाज बंद होतो खरा. परंतु चित्र हलतच असते आणि घरातील कुणा ना कुणाचे लक्ष तिकडे असतेच. यात रागावण्यासारखे काही आहे असे आम्हांस वाटत नाही. मालिका आणि चित्रपट ही आपल्या काळातील कीर्तने आहेत. घर म्हणजे काय, लग्न म्हणजे काय, चांगली स्त्री कोणती आणि वाईट कोणती, याचे पाठ प्रवचनाच्या व्यासपीठावरून मिळतात त्याहून अधिक तेथून मिळतात. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने संपर्कमाध्यमांविषयीचा आपला हुकूमनामा प्रसिद्ध केला. तेव्हापासून ख्रिस्तसभा श्रद्धावंतांना पडद्याकडे जाणतेपणाने पाहावयास सांगत आली आहे. जाणतेपणाने पाहावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, एवढाच या लेखाचा विषय आहे. आणि उदाहरणादाखल आम्ही एकच प्रश्न घेतला आहे : पडद्यावरच्या स्त्रीला स्वातंत्र्य मिळते ते कोणत्या वाटेने?

हा प्रश्न विचारण्याची एक नवी रीत विद्यापीठांतून रुजली आहे. तिला डिजिटल मानव्यविद्या म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट साधी आहे. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, नाटक, चित्रपट या माणसाच्या मनाशी संबंधित विषयांच्या अभ्यासात संगणकाची मदत घेणे म्हणजे डिजिटल मानव्यविद्या. एका माणसाला आयुष्यभरात वाचून होणार नाहीत इतकी पाने संगणक चाळतो. कोणता शब्द किती वेळा आला, कोणत्या शब्दाच्या शेजारी आला, कोणाच्या तोंडी आला, हे तो मोजून देतो. त्या मोजणीचा अर्थ लावण्याचे काम मात्र माणसाकडेच राहते.

या विद्येच्या मूळपुरुषांत एका कॅथॉलिक धर्मगुरूचे नाव अग्रभागी घेतले जाते, हे आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. फादर रोबेर्तो बुसा हे इटलीतील येशूसंघीय. जन्म १९१३ चा, मृत्यू २०११ चा. संत थॉमस अक्विनास यांच्या लेखनातील ‘उपस्थिती’ या कल्पनेवर ते प्रबंध लिहीत होते. अभ्यास करता करता त्यांच्या लक्षात आले की, ‘उपस्थिती’ हा भारदस्त शब्द शोधून फारसे हाती लागत नाही. संतांचा विचार दडला आहे तो ‘इन्’ या दोन अक्षरी लॅटिन शब्दयोगी अव्ययात. मराठीत आपण ‘घरात’, ‘मनात’ म्हणताना शेवटी जो ‘त’ लावतो, जवळजवळ त्याच्या जोडीचा हा शब्द. तो जेथे जेथे आला ती वाक्ये त्यांनी हाताने सुमारे १०,००० कार्डांवर उतरून काढली. मग प्रश्न पडला, एका शब्दासाठी एवढे श्रम, तर संतांच्या समग्र लेखनासाठी किती? १९४९ साली ते अमेरिकेत आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले आणि कंपनीची मदत मिळवून परतले. पुढे सुमारे तीन दशके काम चालले आणि १९८० पर्यंत ‘इंडेक्स थॉमिस्टिकस’ ही ५६ खंडांची प्रचंड शब्दसूची छापून पूर्ण झाली. तीत १ कोटीहून अधिक लॅटिन शब्दांची नोंद आहे.

ख्रिस्तसभेला ही कल्पना अगदीच नवी नव्हती. तेराव्या शतकात पॅरिस येथील डॉमिनिकन मठात ह्यू ऑफ सेंट शेर यांच्या मार्गदर्शनाखाली लॅटिन बायबलची शब्दसूची हातांनी तयार झाली होती. यंत्र नवे, वृत्ती जुनी. आणि त्या वृत्तीचे मर्म जपमाळेसारखे आहे. मणी बोटे मोजतात, ध्यान मन करते. मोजणी म्हणजे प्रार्थना नव्हे. परंतु मोजणीमुळे हात एका जागी स्थिरावतो आणि मनाला पुढे जाता येते. डिजिटल मानव्यविद्येबद्दल याहून अधिक गूढ असे काही मानण्याचे कारण नाही.

आता ही रीत आपल्या मालिकांना लावून पाहू. त्यासाठी संगणकही नको, पेन्सिल पुरे. गेल्या पाव शतकात मराठी घरांत गाजलेल्या आठ मालिकांची नावे आम्ही कागदावर मांडतो : ‘दामिनी’, ‘आभाळमाया’, ‘चार दिवस सासूचे’, ‘उंच माझा झोका’, ‘होणार सून मी ह्या घरची’, ‘माझ्या नवऱ्याची बायको’, ‘अग्गंबाई सासूबाई’ आणि ‘आई कुठे काय करते’. आठांपैकी पाच नावांत नात्याचा शब्द आहे. सासू, सून, नवरा, बायको, सासूबाई, आई असे सहा शब्द निघतात. स्त्रीचे स्वतःचे नाव फक्त एका शीर्षकात आहे, ‘दामिनी’मध्ये, आणि त्या मालिकेची नायिका पत्रकार होती. पाहता पाहता एक निष्कर्ष तयार झाल्यासारखा वाटतो : पडद्यावरची स्त्री नात्याने ओळखली जाते, नावाने नव्हे.

परंतु थांबावयास हवे. ही आठ नावे आम्ही निवडली. दुसऱ्या कुणी दुसरी आठ निवडली असती तर आकडे बदलले असते. मोजणीच्या शास्त्रातील पहिला धडा हाच की, काय मोजले याआधी काय निवडले ते विचारावे. दुसरा धडा असा की, शब्द मोजला म्हणून त्याचा सूर कळत नाही. ‘आई कुठे काय करते’ या नावात नात्याचा शब्द आहे खरा, परंतु ते नाव म्हणजे एक उपरोधिक प्रश्न आहे. २०१९ पासून २०२४ पर्यंत चाललेल्या या मालिकेतील अरुंधती त्याच प्रश्नाचे उत्तर आयुष्याने देते. यंत्राला शब्द दिसतो. त्यातला टोमणा माणसालाच ऐकू येतो.

बाहेरच्या जगातही अशा मोजण्या झाल्या आहेत. १९८५ साली ॲलिसन बेक्डेल या अमेरिकन व्यंगचित्रकर्तीने आपल्या एका चित्रमालिकेत एक गमतीदार कसोटी मांडली : चित्रपटात निदान दोन स्त्रिया असाव्यात, त्यांनी एकमेकींशी बोलावे, आणि बोलण्याचा विषय पुरुष नसावा. गमतीने मांडलेली ही कसोटी पुढे अभ्यासकांनी गंभीरपणे हाती घेतली. २०१६ साली अमेरिकेत सुमारे २,००० चित्रपटांच्या पटकथांतील संवाद मोजण्यात आले, तेव्हा बहुसंख्य चित्रपटांत पुरुषपात्रांच्या वाट्याला अधिक शब्द आलेले दिसले.

ही फूटपट्टी जशीच्या तशी आपल्याकडे आणली तर फसगत होईल. मराठी मालिकांत स्त्रिया भरपूर बोलतात. स्वयंपाकघरात बोलतात, देवघरात बोलतात, दाराआडून बोलतात. पहिल्या दोन अटी त्या पहिल्याच पाच मिनिटांत पार करतात. बोलण्याच्या शब्दांवरून स्वातंत्र्य ठरत असते तर आपल्या मालिका जगात सर्वांत पुढारलेल्या ठरल्या असत्या! तेव्हा आपल्याला निराळे काही मोजावयास हवे.

येथे मराठी भाषा अभ्यासकाला एक हात देते आणि एक अडचणही उभी करते. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांतून बोलणारा पुरुष की स्त्री हे आपल्याला क्रियापदच सांगते. इंग्रजीत ही सोय नाही. म्हणजे नुसत्या संवादावरून ‘मी ठरवते’, ‘मी निघते’, ‘मी थांबते’ अशी स्त्रीच्या तोंडची वाक्ये वेचता येतील. अडचण अशी की, कोल्हापूरकडच्या मुली ‘मी आलो’ असेच म्हणतात. तेथे संगणक गोंधळेल. शिवाय घर, घरी, घरात, घरचा, घराबाहेर ही सारी एकाच शब्दाची रूपे आहेत हे त्याला आधी शिकवावे लागते. लॅटिनमध्ये फादर बुसांना हाच खटाटोप करावा लागला होता.

एवढी तयारी करून आता मूळ प्रश्नाकडे वळू. आमच्या वहीत आम्ही पाच रकाने आखतो : कोण बोलते, कुणाशी, कशाविषयी, निर्णय कोण घेते, आणि त्या निर्णयाच्या आधी काय घडले. हा पाचवा रकाना आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो भरू लागलो की पडद्यावरील स्वातंत्र्याच्या तीन वेगवेगळ्या वाटा स्पष्ट होतात.

पहिली वाट भरपाईची. १९३७ साली प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘कुंकू’ काढला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरील या चित्रपटात शांता आपटे यांची नीरा फसवून लावलेले जरठ विवाहाचे बंधन मानावयास नकार देते. त्या काळी हे फार मोठे धैर्य होते. तरीही शेवटी तिची वाट मोकळी होते ती वृद्ध पतीला पश्चात्ताप होऊन तो स्वतः जगातून निघून जातो म्हणून. पुढे ऐंशी वर्षांनी आलेल्या मालिकांतही पाचवा रकाना फारसा बदललेला नाही. ‘आई कुठे काय करते’मधील अरुंधती स्वतःच्या पायावर उभी राहते, परंतु त्याआधी पतीने विश्वासघात केलेला असतो. आणि आपल्या नागपूरकरांची लाडकी राधिका? तिचेही तेच.

राधिकेविषयी येथे थोडे अधिक लिहिणे भाग आहे. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका ऑगस्ट २०१६ पासून मार्च २०२१ पर्यंत चालली. अनिता दाते यांनी उभी केलेली राधिका सुभेदार ही नागपूरची. एरवी वऱ्हाडी-नागपुरी बोली पडद्यावर येते ती गड्याच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी. येथे ती नायिकेच्या तोंडी आली, याचे आपल्या शहराला किती अप्रूप वाटले ते आम्ही सदरपासून सीताबर्डीपर्यंत ऐकले आहे. नवरा दुसरीकडे गुंततो; राधिका रडत बसत नाही, मसाल्यांचा उद्योग उभा करते, घटस्फोट घेते आणि आपले नवे आयुष्य सुरू करते. यात अभिनंदनीय बरेच आहे. पण पाचव्या रकान्यात पुन्हा जखमच लिहावी लागते. नवरा सरळ असता तर राधिकेच्या हातचे मसाले घरच्या डब्यांतच राहिले असते.

दुसरी वाट परवानगीची. २०१२ साली सुरू झालेल्या ‘उंच माझा झोका’मध्ये रमाबाई रानडे यांचे चरित्र आले. येथे पती अपराधी नाही, उलट तोच पत्नीला अक्षरे शिकवितो आणि घरातील बायकांचा विरोध पत्नी सोसते. ही वाट पहिलीहून निश्चितच प्रसन्न आहे. परंतु दार आतून उघडले ते पुरुषाच्या हातांनी. न्यायमूर्तींसारखा पती ज्यांना लाभला नाही त्यांनी काय करावे, याचे उत्तर या वाटेवर मिळत नाही.

तिसरी वाट विरळ आहे. १९८२ सालचा जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ आम्हांस तिचे उत्तम उदाहरण वाटते. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि स्मिता पाटील यांनी सुलभा महाजन साकारली. सुलभा घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षिका होण्यास जाते तेव्हा तिच्यावर कोणताही अन्याय झालेला नसतो. नवरा वकील, घर सुखवस्तू, मूल सांभाळावयास प्रेमळ जाऊ. तिला काम करावयाचे आहे, आपल्या शिक्षणाचे काही देणे फेडावयाचे आहे, एवढेच कारण. नवऱ्याचे दुसऱ्या स्त्रीशी असलेले नाते कथेत येते, पण ते नंतर. घटना जवळपास त्याच आहेत, फक्त क्रम उलटा आहे. आणि त्या क्रमाने सारा अर्थ बदलतो. शब्दांची मोजणी करणारे यंत्र हा फरक स्वतःहून सांगणार नाही. वाचणाऱ्याने पाचवा रकाना आखलेला असला तरच तो दिसतो.

या तिसऱ्या वाटेला आपल्या ख्रिस्ती मराठीत एक नेमका शब्द आहे : पाचारण. हा शब्द आपण धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्यापुरता राखून ठेवला आहे, तो तितका आखूड नाही. पाचारण जखमेतून येत नाही आणि परवानगीने सुरू होत नाही. गाब्रिएल दूत नासरेथ येथे आला तेव्हा पवित्र मरियेने आपला होकार स्वतः दिला. योसेफला विचारून सांगते, असे ती म्हणाली नाही. आणि आपल्या मराठी परंपरेत लक्ष्मीबाई टिळक आहेत. पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली घेतला, आपल्या मनाची खात्री पटल्यावर. मधली पाच वर्षे त्यांनी नवऱ्याच्या श्रद्धेवर स्वतःचा निर्णय उधार घेतला नाही. ‘स्मृतिचित्रे’ पुढे विजया मेहता यांनी पडद्यावरही आणले. ते पाहताना किंवा वाचताना ही मधली वर्षे मोजावीत, अशी आमची वाचकांना विनंती आहे.

हा वाद केवळ पडद्यापुरता असता तर आम्ही एवढे लिहिलेच नसते. आमच्या धर्मग्रामातील एका घरातून काही काळापूर्वी आम्हांस बोलावणे आले. सून शाळेत शिक्षिका. तिला पुण्यास दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावयाचा होता, प्रवेश मिळाला होता. नवरा सज्जन, निर्व्यसनी. सासूबाई प्रेमळ, राधिकेच्या मालिकेचा एकही भाग त्यांनी चुकविला नव्हता आणि राधिका जिंकली त्या दिवशी त्यांनी शेजारी पेढे वाटले होते. त्याच सासूबाई आम्हांला म्हणाल्या, “फादर, तुम्हीच समजावून सांगा. काय कमी हाये तिले या घरात?” सून बराच वेळ खाली पाहत होती. मग हळूच म्हणाली, “फादर, मला काहीच कमी नाही. पण काही कमी असल्याशिवाय मागायचंच नाही का?”

आमच्या सेमिनरीतील वर्षांत नीतिशास्त्राचे पुष्कळ ग्रंथ आम्ही वाचले. या प्रश्नाइतका स्वच्छ प्रश्न त्यांत क्वचितच भेटला असेल. जखमी नायिकेसाठी डोळे पुसणारी माउली धडधाकट सुनेची इच्छा समजू शकत नव्हती. यात तिचा दोष नाही. वर्षानुवर्षे पडद्याने तिला शिकविले होते की, स्त्री बाहेर पडते ती दुखावली म्हणून. मग सून बाहेर पडू म्हणते तेव्हा सासूला पहिली शंका हीच येणार की, आम्ही हिला दुखावले तरी कधी? स्वातंत्र्याची मागणी तिच्या कानी आरोपासारखी पडली. निर्णय आम्ही दिला नाही. तो आमचा नव्हताच. तोवर गप्प बसलेल्या नवऱ्याला आम्ही इतकेच विचारले की, हीच संधी तुम्हांला आली असती तर घरात चर्चा किती वेळ झाली असती? तो हसला, सासूबाई हसल्या नाहीत. आता सून पुण्यास आहे. घर मोडलेले नाही. सोपेही झालेले नाही. नातवाचा अभ्यास घेता घेता सासूबाई थकतात, आणि हे त्या आम्हांला दर रविवारी मिस्सानंतर सांगतात.

मोजणीच्या विद्येची एक बाजू सांगावयाची राहिली आहे, आणि ती आम्हां धर्मगुरूंना विशेष विचार करावयास लावणारी आहे. फादर बुसांच्या त्या थोर शब्दसूचीसाठी लक्षावधी शब्द पंचकार्डांवर, म्हणजे छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्रांवर, उतरवावे लागले. ते काम उत्तर इटलीतील गालाराते या गावी प्रामुख्याने तरुण स्त्रियांनी केले. त्यासाठी तेथे एक प्रशिक्षणशाळाच चालविली जात होती. यंत्रासमोर बसून परक्या लॅटिन भाषेतले एकेक अक्षर अचूक टिपणाऱ्या या मुलींची नावे पुढे कित्येक दशके कुणाच्या ओठी नव्हती. अलीकडे संशोधिकांनी जुनी छायाचित्रे धुंडाळली, वृद्ध झालेल्या त्या स्त्रियांपैकी काहींना भेटून त्यांच्या आठवणी नोंदविल्या, आणि ज्युलियान नायहन यांचे या विषयावरील पुस्तक २०२२ साली प्रसिद्ध झाले. संतांचा प्रत्येक ‘इन्’ मोजला गेला; मोजणाऱ्या मुली मात्र मोजावयाच्या राहिल्या. फादर बुसांची थोरवी यामुळे कमी होत नाही. पण मराठीत ‘तिला कुणी मोजत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा मोजणे या शब्दाला जो अर्थ असतो, तो येथे आठवल्यावाचून राहत नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे. येत्या महिन्यात घरातील सर्वांनी मिळून एखादी मालिका आठवडाभर पाहावी आणि पाच रकान्यांची वही भरावी. मुलांनी लिहावे, आजीने सांगावे. आठवड्याच्या शेवटी पाचवा रकाना मोठ्याने वाचावा. त्यानंतर तीच वही आपल्या धर्मग्रामाकडे वळवावी. वेदीवरची वस्त्रे कोण धुते, रविवारी धर्मशिक्षण कोण देते, सणाच्या आदल्या रात्री मंदिर कोण झाडते, आणि सणाच्या स्मरणिकेत आभाराच्या पानावर नावे कुणाची छापली जातात, हे मोजावे. आमच्या धर्मग्रामाच्या पुढील स्मरणिकेची यादी तयार करण्याचे काम आम्ही यंदा धर्मशिक्षण देणाऱ्या भगिनींच्याच हाती सोपविले आहे. ती किती पानांची होते ते पाहावयास आम्ही उत्सुक आहोत.